शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी हातात काय होतं?

एचसीसीमधलं (हा यकृताच्या पेशींचा कॅन्सर) मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन, म्हणजे एमव्हीआय, एमआरआयवरून आधीच ओळखायचं असा विषय थिसिसला घेतला असेल, तर एक्सेलची शीट भरायला घेण्याआधी हे वाचा. विषय मोलाचा आहे. गाठीच्या पेशी बारीक शिरांत घुसल्यात का, हे मायक्रोस्कोपखालीच कळतं, तेही गाठ काढल्यावर. मार्जिन, म्हणजे गाठीभोवतीचं निरोगी यकृत, किती ठेवायचं हे मात्र सर्जनला आधीच ठरवावं लागतं.

चिन्हं तुम्हाला ठाऊकच आहेत: खडबडीत कडा, आर्टेरियल फेजमध्ये (औषध धमन्यांत पोचतं तेव्हा) गाठीभोवतीचं एन्हान्समेंट म्हणजे उजळणं, गॅडोक्सेटेट हे एमआरआयचं कॉन्ट्रास्ट औषध दिल्यावर २० मिनिटांनी गाठीभोवती दिसणारा काळपट पट्टा, आणि रक्तात वाढलेलं एएफपी हे ट्यूमर मार्कर. त्यावर वेळ घालवत नाही.

मला अडकवलं ‘साईझ’च्या कॉलमने. आपल्याकडचे काही पेशंट ऑपरेशनला मुंबई गाठतात. परत येताना हातात डिस्चार्ज समरी असते. पहिला एमआरआय म्हापशाच्या नाहीतर मडगावच्या सेंटरच्या सीडीत, आणि ती सीडी घरी कुठेतरी. मग शीट भरणारा समरीतला आकडा उचलतो: ३.८ सेंमी. हा फॉर्मॅलिनमध्ये आकसलेल्या नमुन्याचा आकडा. एमआरआयवर तीच गाठ ४.२ होती. त्याच समरीतून ग्रेड (पेशी किती बिघडल्यात ते) येते, सॅटेलाइट नोड्यूल (मुख्य गाठीशेजारच्या छोट्या गाठी) येतात, आणि एमव्हीआयचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलच्या हाती पेपरआधीच उत्तरपत्रिका पडते. एयूसी, म्हणजे मॉडेल ‘आहे’ आणि ‘नाही’ किती नीट वेगळं करतं तो आकडा, झकास दिसतो, गाईड खूश होतात. पण ऑपरेशनआधी हे आकडे अस्तित्वातच नसतात, म्हणून खऱ्या पेशंटपुढे ते मॉडेल कुचकामी.

प्रत्येक कॉलमशेजारी आकडा कुठून आला आणि कोणत्या तारखेचा, हे लिहा. ऑपरेशननंतरची तारीख दिसली की कॉलम उडवा, कितीही जीव जडला असला तरी. बायोप्सीवरची ग्रेड चालेल, पण तिचा कॉलम वेगळा. आधी टेस (टीएसीई, गाठीच्या धमनीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करणं) झालेले पेशंट बाजूला काढा, गाठीचं रूपच बदललेलं असतं. रेडिओमिक्स, म्हणजे स्कॅनमधून कॉम्प्युटरने शेकडो मोजमापं (फीचर) काढणं, करणार असाल तर मॉडेल शिकवायचे (ट्रेन) आणि तपासायचे (टेस्ट) पेशंट वेगळे केल्याशिवाय फीचर निवडू नका. नेटवरचा तयार कोड हे कधीकधी उलट्या क्रमाने करतो. मला तो शॉर्टकट मुळीच मान्य नाही.

गाईड निवडताना नाव बघू नका. जो तुमच्याबरोबर वर्कस्टेशनवर बसून, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट न बघता, स्कॅन वाचेल, तो धरा.

हे सगळं केल्यावर एयूसी घसरेल. घाबरू नका, कमी पण खरा आकडा व्हायवात टिकतो. पेशंट कमी आहेत म्हणूनही खचू नका, फक्त मोजके व्हेरिएबल घ्या.

एक काम अजून उरतं. गाठ आणि निरोगी यकृताच्या सीमेवरून किती ब्लॉक (तपासणीसाठी मेणात बसवलेले तुकडे) घेतले, हे पॅथॉलॉजीत विचारून घ्या; तिथले तुकडे कमी घेतले तर असलेलं एमव्हीआयसुद्धा ‘नाही’ म्हणून नोंदलं जातं. ग्रॉसिंग (नमुना कापून तुकडे घेणं) चालू असताना जाऊ नका. दुपारी हात मोकळे झाल्यावर गेलात, तर शेजारी बसवून स्लाइडही दाखवतात.