कामगारांच्या मालकीच्या कारखान्यात विभागसभा कशी चालवावी

सहकारी संस्थेत भांडवल कितीही असो, प्रत्येक सभासदाला एकच मत असते. परंतु वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत हात वर केल्याने यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाचा रोजच्या कामावर अधिकार चालू लागत नाही. म्हणून कोणता निर्णय कोठे होईल हे प्रथम लेखी ठरवा: पाळ्या, सुरक्षितता आणि कामाचा वेग विभागसभेकडे, गुंतवणूक व नफ्याची वाटणी सर्वसाधारण सभेकडे. सभा कामाच्या वेळेतच, पगारी घ्या. पाळी संपल्यावर थकलेल्या माणसांना थांबवून घेतलेली सभा हा, माझ्या मते, सहभाग नाकारण्याचाच प्रकार आहे. हिशेब आठवडाभर आधी फलकावर लावा आणि तो वाचायला शिकवा, कारण ताळेबंद न कळणाऱ्याचे मत व्यवस्थापकाच्या मताची सावली होऊन बसते.

स्पेनच्या बास्क प्रदेशात १९५६ मध्ये सुरू झालेल्या मोंद्रागॉनच्या सहकारी संस्थांत निवडून दिलेल्या संचालक मंडळाखेरीज कामगारांची बाजू मांडणारी वेगळी सामाजिक परिषद असते; मालक आणि कामगार एकच असले, तरी या दोन भूमिकांचे हित दरवेळी जुळत नाही. सभेचे अध्यक्षपद आळीपाळीने द्या. एखादी सूचना फेटाळली, तर तिचे कारण सुचवणाऱ्याला समक्ष सांगा आणि इतिवृत्तातही नोंदवा.