कांडप टाकण्याआधी

मशीन सगळ्यात शेवटी घ्यायची. उमरेड-भिवापूरच्या आमच्या पट्ट्यात मिरची कांडप टाकायचं ठरलं की जो तो आधी मशीनचा भाव विचारत सुटतो. मी म्हणते, आधी वही घ्या आणि मार्चच्या उन्हात आपल्या नि शेजारच्या दोन-तीन गावांतून एक चक्कर मारा. किती छपरांवर मिरची वाळत घातली आहे ते मोजा. ओळखीच्या घरी पाणी प्यायला टेका नि विचारा, वर्षाचं तिखट किती किलो लागतं, दळायला कुठं नेता, तिथं काय पटत नाही. मी हे केलं नव्हतं. जूनमध्ये मशीन आणली, पाऊस लागला आणि पुढचा हंगाम येईस्तोवर हळद-धन्यावर दिवस काढले. तिखटाचे महिने तीन-चारच, तेव्हा बाकीच्या वर्षात काय दळणार तेही त्याच वहीत लिहा.

मग वीज. थ्री फेज किती वेळ असते ते लाइनमनला विचारा, कागदावरचं वेळापत्रक बाजूला ठेवा. शेतपंपाच्या कनेक्शनवर कांडप चालवायचं नाही, वेगळं मीटर घ्यायचं. जागा वस्तीपासून जरा लांब, वाऱ्याची दिशा बघून. खकाण्यानं शेजारी शिंकायला लागले की ग्रामपंचायतीत तक्रार ठरलेलीच.

कर्ज घेणार असाल तर इथे घाई नडते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात गावात सर्वसाधारण गटाला प्रकल्पाच्या 25 टक्के अनुदान, बायांना आणि अनुसूचित जाती-जमातींना 35. पण ते नव्या धंद्यालाच. आधी सुरू करून मागून अर्ज केला तर बसत नाही. शिवाय ही रक्कम हातात येत नाही, बँकेत तीन वर्षं अडकून असते. स्वतःचे 10 टक्के (बायांना आणि अनुसूचित जाती-जमातींना 5) तयार ठेवा, आणि पहिल्या हंगामाचा हप्ता वेगळा.

छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, फुकट होते, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर उठून या. अन्नसुरक्षेची नोंदणी करा, वजनकाट्यावर वैधमापनचा शिक्का घ्या. पाकीट करून विकणार असाल तर एक ध्यानात ठेवा: भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, दुसरीकडची मिरची दळून पाकिटावर ते नाव छापायचं नाही.

मुकी, म्हणजे मिरचीचे देठ, खुडायला सातऱ्यावरच्या (व्यापाऱ्याची मिरची वाळवायची-निवडायची जागा) सरावाच्या बाया आधीच सांगून ठेवा, ऐन हंगामात मिळत नाहीत. गिऱ्हाईकाची मिरची घेताना एक मोडून बघा. कडकन मोडली तर घ्या, वाकली तर अजून दोन उन्हं दाखवून आणायला सांगा. ओली मिरची उखळात चिकटते, तिखटाच्या गाठी होतात, आणि बोल आपल्याला लागतो.

आता मशीन. पहिले दोन किलो घरच्याच मिरचीचे काढा. नव्या लोखंडाचं तेल-काजळ त्यात उतरतं, ते तिखट फेकून द्यायचं.