डाळिंबाच्या बागेत तेल्या वेळेत कसा हेरावा

फळाला चिरा पडल्यावर तेल्या हा डाळिंबाचा रोग कुणीही ओळखतो, पण तोवर माल हातचा गेलेला असतो. तो पानावर असतानाच सापडला पाहिजे. पावसाच्या सुरुवातीला येणारा मृग बहार धरला असेल तर पावसाळाभर दर तीन-चार दिवसांनी फेरी मारा; झड लागली तर उघडीप मिळताच.

पानं ओली असताना मात्र बागेत पाऊल टाकू नका. हा जिवाणूजन्य रोग पाण्याच्या थेंबांतून पसरतो, आणि ओल्या फांद्यांना घासत फिरणारा माणूसच तो या ओळीतून त्या ओळीत नेतो. निरोगी प्लॉट आधी बघा, शंकेचा शेवटी.

नागमोडी चाला. बांधाकडच्या ओळी, पाणी साचणारा सखल कोपरा आणि गेल्या हंगामात तेल्या आलेली झाडं चुकवू नका. आतल्या, खालच्या फांद्या वाकवून बघा.

आता खरी मेख. पानावरचा प्रत्येक काळा ठिपका तेल्या नसतो. बुरशीचे डाग असतात, फवारणीची करपही असते. मलाही सगळ्यात जास्त वेळ हा फरक शिकायलाच लागला. डाग असलेलं पान तोडा आणि उजेडाकडे धरा. तेल्याचा ताजा डाग पाणी शोषलेल्या तेलकट कागदासारखा दिसतो, त्यातून उजेड आरपार येतो आणि भोवती पिवळसर वलय असतं. बुरशीचा डाग उजेड अडवतो. जुन्या, वाळून तपकिरी झालेल्या डागावर ही परीक्षा करू नका, फसाल. कोवळ्या पानावरचा लहान, ताजा डागच निवडा.

तरीही शंका उरली तर डागाच्या कडेचा बारीक तुकडा ब्लेडने कापा, काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवा, वर दुसरी काच दाबा आणि उजेडाकडे धरून भिंगातून बघा. कापलेल्या कडेतून दुधाळ धूर निघाल्यासारखं दिसलं तर जिवाणू आहेत. काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. मग नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा.

पानाचा वरून काढलेला फोटो दुकानदाराला पाठवून औषध विचारणं तर बंदच करा. त्या फोटोत डाग आरपार आहे की नाही, हे दिसतच नाही. तेल्यावर नुसती बुरशीनाशकं मारत बसलात तर पैसा जातो आणि रोग पुढे सरकतो.

खोड आणि फांद्यांचे पेरेही तपासा. पेऱ्यावर तपकिरी-काळा डाग पडून फांदी तिथेच कट्कन मोडत असेल तर तो तेल्याच समजा. फळावर काळे डाग आणि त्यांत एल किंवा वाय आकाराच्या चिरा दिसतात.

सापडलेल्या झाडाला रंगीत फीत बांधा, तारीख आणि ओळ वहीत लिहा. रोगट फांद्या आणि गळलेली पानं बाहेर नेऊन जाळा. ती खाली राहिली तर जिवाणू त्यांत तग धरतात. कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. पुढची फेरी फीत बांधलेल्या झाडाच्या शेजारच्या झाडांपासून सुरू करू नका. ती झाडं सगळ्यात शेवटी.