छोट्या होडीतले सुटे कप्पे आणि झाकणं पक्की कशी बसवावीत

घरातलं कपाट स्वतःच्या वजनावर उभं राहतं. होडीत त्या वजनाचा भरवसा धरता येत नाही. नाळ लाटेवरून सुटली की क्षणभर आतलं सगळं सामान हलकं होतं आणि पुढच्याच क्षणी कितीतरी जड होऊन आपटतं. वाऱ्याच्या झोतात होडी आडवी झाली तर बाजूची भिंतच तळ बनते. त्यामुळे केवळ वजनानं, खाचेत टेकून किंवा घट्ट बसल्यामुळे जागेवर राहणारी कुठलीही वस्तू होडीत मोकळीच आहे, असं धरून चालावं.

होडी पूर्ण पलटणं ही दूरची गोष्ट वाटते, पण तसं घडतं. गोव्यात बांधलेली, नौदल अधिकारी अभिलाष टॉमी यांची ३२ फुटी शिडाची होडी ‘थुरिया’ सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात पलटली, तिची डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. त्याआधी ऑगस्ट १९७९ मध्ये फास्टनेट या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत वादळानं १५ खलाशांचा बळी घेतला. केबिनच्या दारात वरून सरकवून बसवलेल्या फळ्या काही होड्यांत निसटल्या आणि त्या वाटेनं पाणी आत शिरलं, हे नंतरच्या चौकशीत पुढं आलं. किनाऱ्याजवळ फिरणाऱ्या २०-३० फुटी फायबर होडीवर एवढी वेळ सहसा येत नाही. पण खाडीच्या तोंडावर, भरती-ओहोटीच्या आडव्या लाटेत बॅटरीचं झाकण उडायला वादळ लागत नाही.

आधी यादी करा

ड्रिल हातात घेण्यापूर्वी होडीतलं प्रत्येक झाकण, फळी आणि कप्पा उघडून मागं काय आहे ते वहीत लिहा. झाकणाला कोणती कडी लावायची हे त्याच्या आकारावरून ठरत नाही, मागं काय आहे त्यावरून ठरतं.

मागं सी-कॉक असेल, म्हणजे तळातून पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, किंवा बिल्ज पंप (होडीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा), बॅटरीचा मेन स्विच किंवा इंजिन असेल, तर ते झाकण कुठल्याही हत्याराशिवाय, एका हातानं, अंधारात उघडलं पाहिजे. पाइप फुटल्यावर स्क्रू-ड्रायव्हर शोधायला वेळ नसतो. मागं फक्त वायरी किंवा बोल्ट असतील तर स्क्रूनं आवळलेलं झाकण उत्तम. पेट्रोलच्या टाकीचा किंवा गॅस सिलिंडरचा कप्पा मात्र वेगळा विषय आहे. दोन्हींची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते. तो कप्पा केबिनच्या बाजूनं बंदिस्त आणि होडीबाहेर हवा जाईल असा हवा. त्याच्या झाकणात सोयीसाठी भोकं पाडू नका.

झाकणावर भार टाकू नका

सगळ्यात महत्त्वाचं काम हे आहे आणि बहुतेक होड्यांत तेच राहून जातं. झाकण सामान लपवतं, ते सामान धरून ठेवायचं साधन नाही. १०० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी २५ ते ३० किलोची असते. ती कप्प्यात नुसती ठेवून वर झाकणाला चांगली कडी लावली, तर आपटीत कडीचे दोन स्क्रू प्लायमधून उपटून येतात आणि मग बॅटरीही येते, आतल्या अ‍ॅसिडसकट.

बॅटरी, टाकी, नांगर, साखळी, हत्यारांची पेटी आणि स्टोव्ह आपापल्या पट्ट्यांनी होडीला बांधलेले असलेच पाहिजेत. समुद्री शर्यतींच्या सुरक्षा-नियमांतही या जड वस्तू नावानिशी घेतल्या आहेत. पट्टा जिथं अडकवायचा तो आयबोल्ट, म्हणजे डोक्याला गोल कडी असलेला बोल्ट, प्लायमधून आरपार न्या, मागं मोठा वॉशर घाला आणि नायलॉक नट (थरथरीनं न सुटणारा) लावा. लाकडी स्क्रूवर पट्टा अडकवू नका. हे झाल्यावर झाकणाला फक्त स्वतःचं वजन सांभाळायचं उरतं आणि पुढचं काम खूप सोपं होतं.

चौकट

झाकण ज्यावर टेकतं ती चौकटच बहुतेक वेळा कच्ची असते. प्लायच्या कडेत मारलेला स्क्रू थरांच्या मधे शिरतो आणि थोड्याच दिवसांत ढिला होतो. म्हणून उघड्या जागेच्या आतून चारही बाजूंनी २० × २० मिलिमीटरची सागवानी पट्टी एपॉक्सीनं (दोन द्रव मिसळून होणाऱ्या पक्क्या डिंकानं) चिकटवा, वर स्क्रू मारा, आणि झाकणाच्या कड्या त्या पट्टीत बसवा. प्लाय आयएस ७१० ग्रेडचा मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, घ्या. कापलेल्या प्रत्येक कडेला आणि प्रत्येक भोकाला पातळ एपॉक्सी पाजा. कड उघडी राहिलेला उत्तम प्लायसुद्धा तिथूनच पाणी पितो.

झाकण आणि चौकट यांच्यात सगळीकडून २-३ मिलिमीटर फट सोडा. मे महिन्यात नेटकं बसवलेलं झाकण जुलैत फुगून अडकतं, आणि अडकलेलं सी-कॉकचं झाकण म्हणजे सी-कॉक नसल्यासारखंच. टेकायच्या जागी निओप्रीनची (मऊ रबराची) पातळ पट्टी चिकटवली की इंजिनच्या थरथरीनं झाकण वाजत नाही.

होडीच्या फायबरच्या सालीत कधीही स्क्रू मारू नका. सालीला काही बसवायचंच असेल तर लाकडी ठोकळा फायबर-मॅट आणि रेझिननं बांधून घ्या आणि त्यात स्क्रू घ्या. ड्रिलच्या पात्यावर हव्या त्या खोलीला चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे पातं जास्त आत जाणार नाही.

कडी कोणती

चुंबकाची आणि स्प्रिंगवरच्या गोळीची कडी घराच्या फर्निचरसाठी ठीक, होडीत नको. धक्क्यासरशी दोन्ही सुटतात. शिवाय होकायंत्राच्या किंवा ऑटोपायलटच्या सेन्सरच्या जवळ बसवलेलं चुंबक दिशाच चुकवतं.

रोज उघडायच्या झाकणाला साधी फिरकी मला सगळ्यात विश्वासाची वाटते. सागवानी किंवा ३१६ स्टेनलेसची, मधे एका बोल्टवर फिरणारी, खाली नायलॉक नट. नट एवढाच आवळा की फिरकी हाताला किंचित जड लागेल. उभ्या झाकणाला वर आणि खाली अशा दोन लावा. भोकात बोट घालून आतून दाबायच्या कड्या दिसायला सुबक असतात, पण होडी हेलकावताना बोट आत अडकून मोडू शकतं. त्या घ्यायच्याच असतील तर बाहेरून दाबायच्या घ्या.

ड्रॉवरला वेगळी कडी लागतच नाही. ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या कडेला, पुढच्या टोकाशी १०-१२ मिलिमीटरची खाच करा. बंद केला की ड्रॉवर खाचेनं चौकटीच्या आडव्या पट्टीवर खाली बसतो आणि थोडा उचलल्याशिवाय पुढं येत नाही. साध्या हेलकाव्यात हे छान चालतं. पण उचलून उघडणारी वस्तू उलट्या होडीत आपोआप उघडते, म्हणून सुऱ्या आणि हत्यारांच्या ड्रॉवरला वरून एक फिरकीही द्या.

वर्षातून एक-दोनदाच काढायच्या झाकणांना लाकडी स्क्रू नकोत. दरवेळी काढून घातल्यानं भोक मोठं होतं. पट्टीत पितळी थ्रेडेड इन्सर्ट, म्हणजे आतून पेच पाडलेल्या छोट्या नळ्या, बसवा आणि एम-६ चे स्टेनलेस मशीन स्क्रू वापरा, पेचांना थोडं ग्रीस लावून. सगळे स्क्रू एकाच मापाचे ठेवले तर एकच हत्यार पुरतं.

अख्खा सुटा कप्पा

इंजिनवर किंवा पायऱ्यांखाली बसणारा कप्पा दुरुस्तीसाठी उचलता आला पाहिजे. त्याच्या पायाभोवती जमिनीला पट्ट्या मारा, म्हणजे तो बाजूला सरकणार नाही. मागच्या भिंतीला ४५ अंशांत तिरक्या कापलेल्या दोन पट्ट्या, एक भिंतीला आणि एक कप्प्याला, एकमेकींत अडकतात आणि भार नीट घेतात. तरी ही जोडणीही वजनाच्याच भरवशावर आहे. होडी उलटली की कप्पा सरळ सुटतो. त्यामुळे पुढून दोन मशीन स्क्रू किंवा ओढून आवळायच्या टॉगल कड्या लागतातच. इंजिनच्या कप्प्याला मुठीनं फिरणाऱ्या नटाच्या टॉगल कड्या घ्या. त्याच कप्प्यात एक छोटं झाकलेलं भोक ठेवा, म्हणजे आग लागल्यास झाकण न उघडता आणि आगीला हवा न देता, अग्निशामकाचं नळकांडं त्यातून वापरता येईल.

जमिनीच्या फळ्या आणि दाराच्या सरकत्या फळ्या दोरीनंही होडीला बांधा. चार मिलिमीटरची नायलॉन दोरी, फळी बाजूला ठेवता येईल एवढी लांब. कडी तुटली तरी फळी समुद्रात जात नाही.

तपासणी

काम झाल्यावर भुसा आणि पडलेले स्क्रू बिल्जमधून पूर्ण काढा, नाहीतर पहिल्याच फेरीत पंप तुंबतो. मग रात्री दिवे बंद करून, होडीवर नेहमी येणाऱ्या प्रत्येकाला सी-कॉकचं झाकण एका हातानं उघडायला लावा. ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी कडी बदला. झाकणाच्या कोपऱ्यावर रंगाचा ठळक ठिपका द्या आणि व्हॉल्व्ह तुटलाच तर भोकात ठोकायला निमुळती लाकडी बुची त्यालाच दोरीनं बांधून ठेवा.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. वार्षिक तपासणीला हाच काळ चांगला. पितळी स्क्रू गुलाबीसर दिसू लागला असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय, तो बदलाच. स्टेनलेस बोल्ट वरून चकचकीत असला तरी एखादा काढून दांडा पाहा; ओल्या लाकडात, हवा न लागता, तो आतून खड्डे पडून गंजतो.