डायनोवर गाडी चढवण्याआधी चारही टायर मोजा

येत्या शनिवारी पुण्यात पुन्हा डायनोचा, म्हणजे गाडी रोलरवर पळवून तिची ताकद मोजणाऱ्या मशीनचा, स्लॉट मिळाला आहे. मागच्या वेळी याच कामात मी गाडीचं मागचं कपलिंग (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे जोडणारा, प्लेटांचा क्लच) जाळलं आणि दोन महिने ती इथे नाशिकला अंबडच्या एका गॅरेजमध्ये स्टँडवर उभी राहिली. म्हणून या वेळी तयारी लिहून काढतोय. तुमची गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवतं अशी, असेल आणि तुम्हीही ती रोलरवर चढवणार असाल, तर बाकी एखादी गोष्ट राहिली तरी निभावेल, पण चारही टायरचा घेर मोजल्याशिवाय घरातून निघू नका.

माझं काय झालं ते सांगतो. कसारा घाटात पुढचा डावा टायर बाजूने कापला गेला. मी दोन नवे घेतले, दोन्ही पुढे लावले, मागचे जुनेच ठेवले. नव्यांच्या नक्षीची खाच 8 मिमी खोल, जुन्यांची 4. साइझ चारही चाकांवर एकच छापलेला, 245/40 आर 18, त्यामुळे शंकाही आली नाही. आता हिशेब करा. या साइझचा नवा टायर 653 मिमी व्यासाचा असतो, म्हणजे घेर साधारण 2 मीटर 5 सेंटीमीटर. खाच 4 मिमीने झिजली की व्यास 8 मिमीने घटतो आणि घेर 25 मिमीने, म्हणजे जवळजवळ एक इंच. ताशी 180 किलोमीटरला गाडी मिनिटात 3 किलोमीटर कापते. तेवढ्यात माझी मागची चाकं पुढच्यांपेक्षा सुमारे 18 फेरे जास्त फिरत होती. सुबारू आपल्या गाड्यांसाठी चार टायरांच्या घेरात पाव इंचापर्यंतच फरक चालवून घेते. पाव इंच घेर म्हणजे खाचेत फक्त 1 मिमी. माझा फरक त्याच्या चौपट होता.

रस्त्यावर हे महिनोन्‌महिने कळत नाही, कारण तिथे पूर्ण थ्रॉटल (ॲक्सिलरेटर तळापर्यंत) चार-पाच सेकंदांपलीकडे कुणी धरत नाही आणि गाडीखालून वारा जात असतो. नाशिकच्या आसपास मातीवर रॅली चालवलेल्यांना तर वाटतं, ही सिस्टीम काहीही सोसते. मातीवर टायर घसरतो आणि ताण तिथेच निसटतो. डायनोवर गाडी पट्ट्यांनी आवळलेली, खाली खरखरीत पोलादी रोलर, पुढचे-मागचे रोलर एकमेकांना जोडलेले. घसरायला जागाच नाही. पूर्ण थ्रॉटल दिला की कंट्रोलर कपलिंगच्या प्लेटा दाबून धरतो, चाकांमधला फरक त्यांना घासत सरकायला लावतो, आणि तो सगळा ताण उष्णता होऊन ऑइलमध्ये उतरतो. पंखा फक्त रेडिएटरसमोर असतो, मागे वारा शून्य. माझ्या पाचव्या रनला मागून जळक्या क्लचसारखा उग्र वास आला. परतताना वळणावर मागून धडधड जाणवायला लागली. गॅरेजमध्ये ड्रेन प्लग काढला तेव्हा ऑइल काळंकुट्ट झालेलं आणि बोटांवर चोळलं तर बारीक वाळूसारखं लागत होतं.

तर मोजायचं असं. सकाळी, टायर थंड असताना, चारहीत गाडीच्या दारावर लिहिलेली हवा भरा. सपाट जागी गाडी सरळ उभी करा. प्रत्येक टायरवर जमिनीला टेकतो तिथे खडूने रेघ मारा. मग इंजिन बंद, न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, आणि दोघांनी सरळ रेषेत ढकलत पुढच्या चाकाचे मोजून दहा फेरे, म्हणजे साधारण साडेवीस मीटर. पुढची रेघ खाली आली की थांबा आणि बाकीच्या तीन बघा. चारही रेघा खाली असतील तर उत्तम. माझ्या जुन्या जोडीला ही चाचणी केली असती तर मागची रेघ वीतभर पुढे गेलेली दिसली असती. पाच मिनिटांचं काम आहे हो! अडीच इंचांहून जास्त फरक दिसला तर स्लॉट रद्द करा, चार सारखे टायर घाला, मग जा. नवे दोन मागे टाकून भागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, फरक जिथल्या तिथे राहतो.

आता बाकीचं. कपलिंग, गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल बऱ्याच गाड्यांत तीन वेगवेगळ्या ठिकाणी असतं. बदलून किती किलोमीटर झाले ते बघा, कपलिंगला फिल्टर असेल तर तोही बदला. टायरच्या खाचांत अडकलेली खडी स्क्रू-ड्रायव्हरने काढा, रोलरवर ती गोळीसारखी उडते. व्हील बोल्ट टॉर्क रेंचने. टाकी अर्ध्याच्या वर, नेहमी टाकता तेच पेट्रोल.

स्लॉट घेताना फोनवरच विचारा: चार रोलर आहेत ना, आणि पुढचे-मागचे जोडलेले आहेत का? दोन रोलरवर ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी चढवू देऊ नका, कुणीही कितीही खात्रीने सांगो. मागची चाकं स्थिर आणि पुढची दीडशेवर, म्हणजे मधल्या भागावर सगळाच फरक. सिलिकॉन ऑइलचं व्हिस्कस कपलिंग असेल तर तापून ते एकदम घट्ट होतं आणि गाडी रोलरवरून पुढे झेपावू शकते. फ्यूज काढून मागची चाकं सोडवू, असं म्हणतील. तुमच्याच मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं असेल तरच.

पुण्याकडे पहाटे निघा. नारायणगावला चहा घ्या, पण पोहोचल्यावर लगेच रोलरवर नको, दोनशे किलोमीटरनंतर सगळंच तापलेलं असतं. अर्धा तास बॉनेट उघडून उभी ठेवा. गरम टायरमधली हवा कमी-जास्त करायची नाही. एकातली सोडलीत की घरचं मोजमाप वाया गेलं.

पट्टे टो-हुकला किंवा सबफ्रेमला, ड्राइव्हशाफ्टला आणि सस्पेन्शनच्या आर्मला नाही. आवळा, पण गाडी खाली बसेपर्यंत नको. ईएसपी आणि ट्रॅक्शन कंट्रोल (घसरण रोखणाऱ्या सिस्टीम) बंद, गाडीत डायनो मोड असेल तर चालू. पहिला रन अर्ध्या थ्रॉटलने, आणि ऑपरेटरला गाडीच्या एबीएस सेन्सरवरचे चारही चाकांचे वेग स्क्रीनवर दाखवायला सांगा. पुढे-मागे फरक दिसला तर तिथेच थांबा. हा फरक घरी खडूने दिसतो, पुन्हा सांगतो, घरीच बघा.

मग एक-एकाच्या जवळचा गिअर (इंजिनच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्समधून साधारण एकच फेरा बाहेर पडतो तो), बहुधा चौथा. थ्रॉटल हळूहळू दाबत न्या, लाँच (उभ्या गाडीतून एकदम झेप) नाही, पूर्ण थ्रॉटलवर गिअर बदलणं नाही. रन संपला की पाय उचला आणि रोलर आपोआप थांबू द्या, ब्रेक दाबू नका, हँडब्रेकला हात नको. दोन रनमध्ये दहा मिनिटं. इन्फ्रारेड थर्मामीटर मागच्या कपलिंगवर धरा, आकडा दर रनला चढत असेल तर दिवस संपला. तीन रन पुरे.

डायनो ताकदीचा जो आकडा देतो त्याबद्दल: नाशिक काय, पुणे काय, दोन्ही साडेपाचशे-सहाशे मीटरवर. हवा विरळ म्हणून आकड्याला करेक्शन (हवेनुसार दुरुस्ती) लावतात, टर्बो गाडीत ते आकडा फुगवतं. बिनकरेक्शनचा कागदही मागून घ्या.

परतायच्या आधी पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन सावकाश चकरा, धडधड आहे का बघा. दुसऱ्या दिवशी ऑइल बघा. खडूच्या रेघा शुक्रवारी सकाळी, सोसायटीतल्या गाड्या ऑफिसला गेल्या की.