चार ओळींची एरर: लिनक्सच्या मॅन पेजमध्ये भर घालणाऱ्या नवख्यांसाठी

लिनक्सच्या मॅन पेजेसचा, म्हणजे सिस्टमसोबत येणाऱ्या माहितीपानांचा, दुसरा विभाग सिस्टम कॉल्सचा: प्रोग्राम कर्नलकडे, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याकडे, काम मागतो ते कॉल्स. तिथल्या जवळजवळ प्रत्येक पानावर ‘एरर्स’ असा एक भाग असतो, आणि सुरुवात करायला तो बरा. अमुक कॉल अमुक एरर देतो, पानावर ती नाही, घाला. काम दिसतं चार ओळींचं. पण त्या चार ओळी वाचून कोणीतरी आपला प्रोग्राम लिहिणार असतो, म्हणून त्या लिहायला कधीकधी आठवडा जातो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. शेवटची एरर कोणती ते प्रोग्रामला ज्या व्हेरिएबलमधून कळतं, त्या ‘एररनो’ला कर्नल हात लावत नाही. तो नुसता ऋण आकडा परत करतो: ईनोएंटला (फाइल नाही) -2, ईइनव्हॅलला (आर्ग्युमेंट अवैध) -22. आकडा -1 ते -4095 या पट्ट्यात असला की जीलिबसी या सी लायब्ररीतला रॅपर, म्हणजे कॉलभोवतीचं छोटं फंक्शन, त्याचं चिन्ह उलटं करून एररनोमध्ये ठेवतो आणि प्रोग्रामच्या हातात -1 टेकवतो. पानावर मात्र आकडे लिहायचे नाहीत, नावंच लिहायची. आकडे प्रोसेसरच्या प्रकाराप्रमाणे बदलतात: ईअगेन एक्स८६ वर 11 आहे, अल्फावर 35. ईनोसिस एक्स८६ वर 38, मिप्सवर 89.

कर्नलच्या सोर्समध्ये शोध सुरू होतो तो ‘सिस्कॉल डिफाइन’ या मॅक्रोपासून. त्याला चिकटलेला आकडा म्हणजे आर्ग्युमेंट्स किती ते. तिथून एकेक फंक्शन करत खाली उतरायचं आणि ऋण चिन्हासह आलेली एररची नावं टिपत जायचं. वाटेत 512 क्रमांकाची ‘ईरीस्टार्टसिस’ भेटली तर ती टिपू नका. ती कर्नलच्या घरातली खूण आहे. सिग्नल हाताळून झाल्यावर कॉल पुन्हा चालवायचा की ईइंटर (सिग्नलमुळे खंडित) देऊन परत फिरायचं, हे तिच्यावरून ठरतं. साध्या प्रोग्रामपर्यंत ती पोचत नाही. प्रोग्रामचे सिस्टम कॉल्स दाखवणाऱ्या ‘एसट्रेस’ या साधनात मात्र ती दिसते, आणि तिथेच नवखे फसतात.

सगळ्या एरर्स टिपून होतील अशी आशा ठेवू नका. व्हीएफएस या फाइल सिस्टम्सच्या सामाईक थराखाली प्रत्येक फाइल सिस्टमचं आपलं आपलं तंत्र असतं, वर सिक्युरिटी मॉड्यूल्स असतात, आणि प्रोग्रामच्या कॉल्सवर बंधनं घालणारा सेककॉम्पचा फिल्टर तर कुठल्याही कॉलला कुठलीही एरर द्यायला लावू शकतो. आमची कसोटी साधी आहे: ही एरर आल्यावर प्रोग्रामर काही वेगळं करणार आहे का? करणार असेल तर ती पानावर हवी.

कोडमध्ये तपासण्यांचा क्रम समोर दिसत असतो, त्यामुळे ‘आधी हे तपासलं जातं, मग ते’ असं लिहायचा मोह होतो. आवरा. दोन चुका एकाच वेळी झाल्या तर कोणती एरर मिळेल हे पॉझिक्स, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टम्सचं मानक, ठरवून देत नाही. कर्नलमध्ये कोणी दोन ओळी वरखाली केल्या की तुमचं पान खोटं ठरलं.

सगळ्यात वाईट नोंदी ईइनव्हॅलच्या. ‘आर्ग्युमेंट अवैध आहे’ हे वाक्य लिहिलं काय, न लिहिलं काय, सारखंच. कोणतं आर्ग्युमेंट, कोणत्या किमतीला, कोणत्या आवृत्तीपासून? मेमरीचा पट्टा जोडून देणाऱ्या एममॅप कॉलच्या पानावर पाहा: लांबी 0 दिली तर ईइनव्हॅल, लिनक्स 2.6.12 पासून. कारणं तीन असतील तर तेच नाव तीनदा लिहून तीन वेगळ्या नोंदी करायच्या; ‘किंवा, किंवा’ जोडून एक लांबलचक वाक्य नको.

आता सगळ्यात कमी लिहिली जाणारी गोष्ट: एरर आल्यानंतर वस्तू कोणत्या अवस्थेत उरते. फाइल बंद करणारा क्लोज कॉल घ्या. लिनक्स फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलचा क्रमांक, सुरुवातीलाच मोकळा करतो, उरलेला डेटा पुढे ढकलण्यासारखी लांबणारी कामं त्यानंतर. म्हणजे क्लोजने ईइंटर किंवा ईआयओ (वाचण्या-लिहिण्यातली चूक) दिली तरी डिस्क्रिप्टर गेलेला असतो. रीडमध्ये ईइंटर आली की पुन्हा बोलवायची सवय असते. तीच इथे वापरली तर दरम्यान दुसऱ्या थ्रेडने ओपन करून तोच क्रमांक मिळवलेला असू शकतो, आणि तुम्ही त्याची फाइल बंद करता. एचपी-यूएक्स या दुसऱ्या युनिक्सवर उलटं, तिथे ईइंटरनंतर पुन्हा क्लोज करावंच लागतं. एरर्सच्या यादीत नुसतं ‘सिग्नलमुळे कॉल खंडित झाला’ एवढं लिहिलं तर यातलं काहीच कळत नाही. डेटा डिस्कवर पोचवायला लावणाऱ्या एफसिंकचंही तसंच. ईआयओनंतर पुन्हा एफसिंक केलं तर 0 मिळू शकतो आणि डेटा डिस्कवर नसतो, कारण मेमरीतली पानं ‘स्वच्छ’ म्हणून नोंदली गेलेली असतात. हे 2018 मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या लोकांना उमगलं, आणि फेब्रुवारी 2019 च्या 11.2 आवृत्तीपासून एफसिंक फसलं की सर्व्हर सरळ पॅनिक करतो, म्हणजे काम थांबवून बंद पडतो.

लिहिण्याआधी एरर घडवून पाहा. ईनोस्पेससाठी (जागा संपली) डिस्क भरायची गरज नाही. ‘डेव्ह’खालच्या ‘फुल’ या डिव्हाइसवर काहीही लिहा, ती येतेच. ईएमफाइलसाठी (फार फाइली उघड्या) ‘यूलिमिट’ या कमांडने उघड्या फाइलींची मर्यादा 10 वर आणा. एसट्रेसच्या ‘इंजेक्ट’ सोयीने हवी ती एरर घुसवता येते, पण तिला पुरावा समजू नका. एरर घुसवताना एसट्रेस मूळ कॉल चालूच देत नाही. क्लोजमध्ये ईइंटर घुसवलीत तर डिस्क्रिप्टर उघडाच राहील, म्हणजे खऱ्या लिनक्सच्या बरोबर उलट. ही सोय प्रोग्राम एररला कसा तोंड देतो ते पाहायला उत्तम. कर्नल कसा वागतो ते तिच्यातून कळत नाही.

पॅचमध्ये, म्हणजे तुम्ही पाठवाल त्या बदलात, एकच गोष्ट असू द्या. एरर्स इंग्रजी वर्णक्रमाने लावा, वाक्य संपलं की सोर्समध्ये नवी ओळ घ्या. कमिट मेसेजमध्ये कर्नलमधली फाइल, फंक्शन, बदल कधी आला तो कमिट आणि तुमचा वीसेक ओळींचा चाचणी प्रोग्राम द्या, म्हणजे तपासणाऱ्याला तुमच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. लिनक्स पॉझिक्सपासून फटकून वागत असेल तर तेही त्याच नोंदीत कंसात सांगा. डिरेक्टरीवर अनलिंक (फाइल काढून टाकणारा कॉल) केलं तर पॉझिक्सप्रमाणे ईपर्म (परवानगी नाही) यायला हवी, लिनक्स 2.1.132 पासून ईइजडिर (ही डिरेक्टरी आहे) देतो, आणि पानावर तसं लिहिलेलं आहे.