चालण्यासाठी नेमकं इंग्रजी क्रियापद कसं निवडावं

‘ती पळत पळत खोलीतून बाहेर आली.’ हे वाक्य इंग्रजीत सांगायला लावलं, की आपल्याकडची बरीच मुलं ‘शी केम आउट ऑफ द रूम रनिंग’ असं म्हणतात. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक नाही. पण ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे तो सहसा म्हणेल, ‘शी रॅन आउट ऑफ द रूम’.

या दोन वाक्यांतला फरक एकदा नीट कळला, की पुढचं बरंच सोपं होतं. मराठी वाक्याचा कणा ‘आली’ हे क्रियापद आहे आणि ते दिशा सांगतं. पळणं त्याच्या शेजारी बसलेलं आहे. इंग्रजीने जागा बदलल्या आहेत: पळणं कण्यात गेलं आणि बाहेर येण्याचं काम ‘आउट ऑफ’ या दोन छोट्या शब्दांवर आलं. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टॅल्मी यांनी १९८५ च्या एका निबंधात भाषांच्या या दोन सवयी सविस्तर मांडल्या. स्पॅनिशसारख्या भाषा वाट क्रियापदात ठेवतात. इंग्रजीसारख्या भाषा वाट बाहेर काढतात आणि चाल क्रियापदात भरतात. आपली मराठी बरीचशी स्पॅनिशच्या बाजूला झुकते. म्हणून शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं की इंग्रजी वाक्य बरोबर असूनही अवघडलेलं वाटतं.

पहिली पायरी: चाल आणि वाट वेगळी करा

मराठी वाक्य मनात आलं की दोन प्रश्न विचारा. माणूस कसा गेला? कुठून कुठे गेला? ‘कसा’चं उत्तर इंग्रजीत क्रियापद होईल.

‘कसा’ सांगायला मराठी गरीब नाही, उलट फार श्रीमंत आहे. फक्त ही श्रीमंती आपण क्रियाविशेषणांत साठवली आहे. बाळ दुडुदुडु चालतं, त्याला इंग्रजीत ‘टॉडल’. लांब टांगा टाकत झपझप जाणं म्हणजे ‘स्ट्राइड’. लंगडत जाणं ‘लिंप’, पाय फरशीवर घासत जाणं ‘शफल’, चवड्यांवर चालणं ‘टिपटो’, चोरपावलांनी जाणं ‘स्नीक’ किंवा ‘क्रीप’, झोकांड्या खात जाणं ‘स्टॅगर’, रमतगमत जाणं ‘स्ट्रोल’ किंवा ‘सॉन्टर’. मग ‘तो लंगडत घरी गेला’ याचं ‘ही लिंप्ट होम’ एवढंच होतं. ‘वेंट’ लागतच नाही.

दुसरी पायरी: जागेचा आकार पाहा

इथे मात्र घाई करू नका. मराठी माणसाची खरी अडचण मोठ्या क्रियापदांत नसते, ती या छोट्या शब्दांत असते, आणि तिचं मूळ आपल्या ‘-तून’ आणि ‘-वरून’ या दोन लाडक्या प्रत्ययांत आहे. आपण बोगद्यातून जातो, मैदानातून जातो आणि खोलीतून बाहेर पडतो. प्रत्यय तोच. इंग्रजीत मात्र बोगद्याला ‘थ्रू’, मैदानाला ‘अक्रॉस’ आणि खोलीला ‘आउट ऑफ’.

‘-वरून’ची तीच तऱ्हा. पुलावरून गेलो तर ‘ओव्हर’ किंवा ‘अक्रॉस’, चौपाटीवरून पाण्याच्या कडेकडेने फिरलो तर ‘अलाँग’, तुमच्या घरावरून गेलो तर ‘पास्ट’ आणि शिडीवरून उतरलो तर ‘डाउन’.

पाठांतर करण्यापेक्षा डोळ्यांसमोर जागा आणा. ती चहूबाजूंनी घेरणारी आहे का? जंगल, गर्दी, धुकं, पाऊस, बोगदा, सगळ्यांना ‘थ्रू’. सपाट आणि मोकळी आहे आणि आपण या टोकाकडून त्या टोकाला जातोय? ‘अक्रॉस’. रेघेसारखी लांब आहे? ‘अलाँग’. नुसता एक ठिपका आहे, जो मागे टाकून आपण पुढे गेलो? ‘पास्ट’.

या कसोटीची गंमत शेतात कळते. कापणी झालेल्या शेतातून चालत गेलात तर ‘वॉक्ड अक्रॉस द फील्ड’. त्याच शेतात पुरुषभर उंच ज्वारी उभी असताना ताटं बाजूला सारत गेलात तर ‘वॉक्ड थ्रू द फील्ड’. शेत तेच आहे, पण एकदा ते तुमच्या पायाखाली होतं आणि एकदा तुमच्या भोवती.

‘इन’ आणि ‘इंटू’ यांच्याकडेही लक्ष असू द्या. ‘रॅन इन द पार्क’ म्हणजे आधीपासून बागेतच होता आणि तिथे पळत होता. ‘रॅन इंटू द पार्क’ म्हणजे बाहेरून पळत आत शिरला. आपल्याकडे हा फरक क्रियापद दाखवतं. तिकडे ‘टू’ एवढीच खूण आहे, आणि ती गाळली की प्रसंगच बदलतो.

तिसरी पायरी: पायाखाली काय आहे ते विचारा

काही इंग्रजी क्रियापदं विशिष्ट जमिनीशीच जोडलेली आहेत. पाण्यातून पाय ओढत चालणं म्हणजे ‘वेड’ (आपल्या वेडाशी या शब्दाचं नातं नाही). अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे पायी जाता येतं. पाणी पुरतं ओसरलं नसेल तर घोट्याएवढ्या, कधी गुडघ्याएवढ्या पाण्यातून लोक जातात. तिथे ‘वी वॉक्ड टू द फोर्ट’ म्हटलं तर समुद्रच गायब होतो. ‘वी वेडेड आउट टू द फोर्ट’ म्हटलं की पाणी आपोआप येतं, वेगळं सांगावं लागत नाही. मजेखातर किनाऱ्याशी उथळ पाण्यात पाय भिजवत फिरणं असेल तर ब्रिटिश लोक ‘पॅडल’ म्हणतात.

चिखल, बर्फ किंवा दमलेले पाय असतील तर ‘ट्रज’ किंवा ‘प्लॉड’. हात टेकून, कातळाला धरत चढावं लागलं तर ‘स्क्रँबल’. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर ज्यांनी दोन्ही हात वापरले आहेत त्यांना हे क्रियापद समजावून सांगायला नको.

‘ट्रेक’ हा शब्द आपण अगदी घरचा करून टाकला आहे. तो इंग्रजीत दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या लोकांकडून आला. मूळ डच शब्दाचा अर्थ ओढणं, आणि तिथे तो बैलांनी ओढलेल्या गाड्यांतून केलेल्या लांब स्थलांतराला लावला जाई. म्हणून आजही इंग्रजी वाचकाच्या मनात ‘ट्रेक’ म्हटलं की अनेक दिवसांचा, कष्टाचा प्रवास उभा राहतो. रविवारी सकाळी गड चढून संध्याकाळी घरी परतलात तर परदेशी वाचकासाठी ‘हाइक’ लिहा. ब्रिटनमध्ये तर दिवसभराच्या डोंगरभटकंतीलाही साधं ‘वॉक’ म्हणतात.

चौथी पायरी: माणसं का चालली आहेत?

१९३० साली गांधीजी आणि त्यांचे सहकारी साबरमतीहून दांडीला पायी गेले. आपण तिला दांडीयात्रा म्हणतो, इंग्रजीत ती ‘साल्ट मार्च’ आहे. ‘मार्च’मध्ये सैन्याची शिस्त आणि मागणी घेऊन निघालेल्यांचा निर्धार, दोन्ही आहेत. २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी आलेल्या शेतकऱ्यांनाही हे क्रियापद शोभतं. पंढरीच्या वारीला मात्र ‘मार्च’ लावू नका. वारकरी कुणापुढे मागणी घेऊन निघालेले नसतात. तिथे साधं ‘वॉक’ सगळ्यात चांगलं. प्रत्येक ठिकाणी भारदस्त क्रियापद शोधण्याचा मोह मला स्वतःला फार उशिरा सुटला, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

रोज लोकलने कामाला जाणं म्हणजे ‘कम्यूट’. अमेरिकेत रेल्वेच्या सवलतीच्या पासाला ‘कम्यूटेशन तिकीट’ म्हणत, त्यावरून हे क्रियापद आलं. म्हणजे खिशातला पास हाच या शब्दाचा पूर्वज.

पाचवी पायरी: जिथे छोटा शब्द नको तिथे तो काढा

‘पुण्याला पोहोचलो’ यातला ‘-ला’ आपण इंग्रजीत नेतो आणि ‘रीच्ड टू पुणे’ म्हणतो. ‘रीच्ड पुणे’ पुरे. तसंच ‘एंटर्ड द रूम’, ‘लेफ्ट द हाउस’, ‘क्रॉस्ड द रोड’. या क्रियापदांच्या पोटातच दिशा आहे. ‘गो होम’मध्येही ‘टू’ येत नाही. ‘अराइव्ह’ मात्र ‘ॲट’ किंवा ‘इन’ मागतं.

‘एंटर’, ‘एक्झिट’, ‘असेंड’, ‘डिसेंड’ ही मंडळी लॅटिन-फ्रेंच घराण्यातली असल्याने औपचारिक वाटतात. जिना चढताना ‘असेंडेड द स्टेअर्स’ म्हटलं की पंचनामा वाचल्यासारखं होतं. रोजच्या बोलण्यात ‘वेंट अप’ बरं.

शेवटची पायरी: येणं आणि जाणं

फोनवर कुणी विचारलं, ‘कुठे आहेस?’ तर ‘आय ॲम कमिंग’ हे उत्तर बरोबर आहे, कारण आपण ऐकणाऱ्याच्या दिशेने निघालो आहोत. मराठीतही आपण ‘येतोय’च म्हणतो. पण निरोप घेताना आपण ‘जातो’ म्हणत नाही. ते अशुभ वाटतं, म्हणून ‘येतो हं’ म्हणतो. याचं शब्दशः इंग्रजी केलं तर यजमान गोंधळतील, कारण पाहुणा दारातून बाहेर पडत असताना ‘कमिंग’ म्हणतो आहे. अशा वेळी चप्पल घालताना ‘आय ॲम ऑफ, सी यू सून’ म्हणा. ‘येतो’मधलं परत येण्याचं आश्वासन त्यातल्या ‘सून’मध्ये थोडंफार उतरतं.